रोबोटचं गाऱ्हाणं आधी ऐकून घ्या

"दादा, रोबोट बंद पडलाय."
"पेंडंटवर काय आलंय?"
"लाल आलंय. तीनदा रिसेट मारला, जात नाय."

पावसाळ्यात सकाळी सव्वासातला, पहिली शिफ्ट लागते न लागते तोच असा फोन येतो. मी पलीकडच्या माणसाला आधी एकच विनंती करतो: रिसेटला आता हात लावू नका, पेंडंटच्या, म्हणजे रोबोट चालवायच्या हातातल्या पॅनलच्या, स्क्रीनचा फोटो काढून पाठवा. 'लाल आलंय' म्हणजे 'पोटात दुखतंय' म्हणण्यासारखं झालं. डावीकडे की उजवीकडे, जेवल्यावर की उपाशीपोटी, यातलं काहीच कळत नाही. आणि कंट्रोलरने तर हे सगळं लिहून ठेवलेलं असतं. ते वाचायची सवय मात्र आपल्याला कुणी लावलेली नसते.

लोटे, खडपोली, महाड, रोहा, मिरजोळे, कुडाळ इथल्या एमआयडीसींत मुलं आयटीआय करून रोबोटच्या सेलवर, म्हणजे कुंपण घातलेल्या त्याच्या जागेवर, उभी राहतात. पोती रचणारा रोबोट असेल, नाहीतर वेल्डिंगचा. चालवायचं शिक्षण आठ दिवसांत मिळतं. अलार्म आला की काय करायचं ते शिकवलं जात नाही, कारण त्या वेळी लाईन थांबलेली असते आणि सगळ्यांना घाई असते. हा लेख त्या मुलांसाठी आहे, आणि त्यांच्यावर ओरडणाऱ्या सुपरवायझरसाठीही.

आधी रोबोट चालतो कसा ते थोडक्यात. रोबोटचा हात म्हणजे एकापुढे एक जोडलेले सांधे. वेल्डिंगच्या रोबोटला सहा असतात, पोती रचणाऱ्याला बहुधा चार. प्रत्येक सांध्यामागे एक सर्वो मोटर असते आणि मोटरच्या पाठीला एन्कोडर, म्हणजे मोटर किती फिरली ते मोजणारं यंत्र. मोटरीत ब्रेकही असतो. वीज मिळाली की तो सुटतो, वीज गेली की आवळतो, म्हणून लाईट गेली तरी हात खाली पडत नाही. शेजारच्या कपाटाएवढ्या पॅनलमध्ये कंट्रोलर बसलेला असतो. त्यातला मुख्य बोर्ड दर काही मिलिसेकंदांनी प्रत्येक सांध्याला सांगतो, 'आता इथे असायला हवं.' सर्वो ॲम्प्लिफायर त्याप्रमाणे मोटरीला करंट देतो. एन्कोडर उलट कळवतो, 'सध्या इथे आहे.' सांगितलं किती आणि झालं किती, यातला फरक मर्यादेत राहिला तर काम चालू राहतं. मर्यादा ओलांडली की कंट्रोलर हात थांबवतो, ब्रेक आवळतो आणि अलार्म देतो.

म्हणजे अलार्म येतो तेव्हा कंट्रोलरने आपलं काम चोख केलेलं असतं. बिघाड दुसरीकडे कुठेतरी असतो.

अलार्मच्या क्रमांकातच पत्ता दिलेला असतो. फॅनक कंपनीच्या कंट्रोलरवर सुरुवातीची अक्षरं खातं सांगतात: एसआरव्हीओ म्हणजे सर्वो आणि सुरक्षा, एमओटीएन म्हणजे हालचालीचं गणित, आयएनटीपी म्हणजे प्रोग्रॅम, एसवायएसटी म्हणजे सिस्टीम. एबीबी कंपनीच्या रोबोटवर पाच आकडी क्रमांक येतो आणि पहिला आकडा खातं सांगतो. ३ ने सुरू झाला तर हार्डवेअर, ४ ने सुरू झाला तर प्रोग्रॅम, ५ ने सुरू झाला तर हालचाल. एवढं माहीत असलं तरी निम्मा वेळ वाचतो. प्रोग्रॅमचा अलार्म आलेला असताना पॅनल उघडून फ्यूज तपासत बसलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि वाईट याचंच वाटतं की ती माणसं मेहनती असतात.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. अलार्म एकटा येत नाही. एक बिघाड झाला की त्याच्या मागोमाग चार-पाच येतात, आणि स्क्रीनवर ठळक दिसतो तो बहुतेक वेळा शेवटचा. अलार्मच्या हिस्ट्रीत नवा वर आणि जुना खाली असतो. म्हणून यादी खालून वर वाचायची. एकाच मिनिटात आलेल्या अलार्मांपैकी सर्वांत आधीचा कोणता ते बघायचं, आणि त्याच्याही खाली गेल्या आठ-पंधरा दिवसांत एखादी पिवळी सूचना येऊन गेली आहे का ते बघायचं. आपल्याकडे देवळात गाऱ्हाणं घालतात तेव्हा गावकर पहिल्यापासून क्रमाने बोलतो आणि बाकीचे 'होय महाराजा' म्हणत ऐकून घेतात, मध्येच कुणी तोडत नाही. कंट्रोलरचंही तसंच ऐकायला हवं. घाईघाईने दाबलेल्या प्रत्येक रिसेटगणिक त्या यादीत आणखी दोन-तीन फुकटच्या ओळी वाढतात आणि मूळची ओळ खाली खाली जाते.

आता सर्वांत जास्त वेळा येणारा प्रकार: सुरक्षेची साखळी. इमर्जन्सीचं लाल बटण, सेलचं दार, पेंडंटच्या पाठीमागची पट्टी, लाईट कर्टन (प्रकाशकिरणांचा अदृश्य पडदा) हे सगळं एकामागोमाग जोडलेलं असतं. कुठेही तुटलं की मोटरींची वीज बंद. फॅनकवर ००१ म्हणजे पॅनलचं इमर्जन्सी बटण, ००२ पेंडंटचं, ००३ पेंडंटची पट्टी सुटली, ००४ दार उघडं, ००७ बाहेरून जोडलेली इमर्जन्सी. ००३ बद्दल नवीन मुलं गोंधळतात, कारण पट्टी तर त्यांनी घट्ट धरलेली असते. ती पट्टी तीन अवस्थांची असते. सोडली तरी थांबतं आणि घाबरून जोरात आवळली तरी थांबतं, मधल्या दाबावरच चालतं. माणूस दचकला तर एकतर हात सोडतो नाहीतर मूठ आवळतो, दोन्ही वेळी रोबोट थांबायला हवा, म्हणून ती तशी केलेली आहे.

याच साखळीतला एक अलार्म मला तीन सकाळी चकवून गेला, तो सविस्तर सांगतो.

वेल्डिंगचा सेल, जुलै महिना. रोज सकाळी पहिल्या शिफ्टला २३० नंबरचा, 'चेन १ ॲबनॉर्मल' असा अलार्म. दहा वाजेपर्यंत दोन-तीनदा येई, मग दिवसभर नाही. ऑपरेटरांनी उपाय शोधून ठेवला होता: दार जोरात आपटायचं आणि त्याचा वेगळा रिसेट द्यायचा, मग जातो.

आधी या अलार्मचा अर्थ बघू. दाराच्या स्विचमध्ये दोन कॉन्टॅक्ट असतात आणि दोन वेगळ्या वायरी कंट्रोलरपर्यंत जातात. दार उघडलं की दोन्ही तुटायला हवेत, लावलं की दोन्ही जुळायला हवेत, तेही जवळजवळ एकाच वेळी. एक कॉन्टॅक्ट चिकटून बसला तरी दुसरा रोबोट थांबवेल, यासाठी ही जोडी. पण एक जण बिघडला की आता एकाच्याच भरवशावर माणसाचा जीव आहे हे कंट्रोलरला कळतं, आणि तो रोबोट चालू करायला नकार देतो. दोघांचं म्हणणं जुळत नाही, एवढंच हा अलार्म सांगतो. म्हणूनच तो नुसत्या रिसेटने जात नाही. दुरुस्ती करून, इमर्जन्सी एकदा दाबून-सोडून, पेंडंटवरून त्याचा वेगळा चेन-रिसेट द्यावा लागतो, म्हणजे कुणीतरी लक्ष घातल्याशिवाय पुढे जाताच येऊ नये.

पहिल्या दिवशी मी साडेदहाला पोचलो. मल्टीमीटर बीपवर टाकून दोन्ही कॉन्टॅक्ट तपासले, दोन्ही वाजले. वायर ओढून बघितली, टर्मिनल घट्ट केले. दुसऱ्या दिवशी परत तेच. माझी चूक साधी होती: दुखणं सकाळी सातला आणि मी तपासत होतो साडेदहाला, तेही दार दहादा आपटून झाल्यावर. तिसऱ्या सकाळी शिफ्ट सुरू व्हायच्या आधी जाऊन उभा राहिलो, कुणाला दाराला हात लावू दिला नाही, आणि बंद दाराच्या स्विचवर सप्लाय चालू असताना व्होल्टेज मोजलं. जुळलेल्या कॉन्टॅक्टच्या दोन टोकांमध्ये जवळजवळ शून्य व्होल्ट दिसायला हवेत. एकावर शून्य दिसलं. दुसऱ्यावर नऊ. म्हणजे २४ व्होल्टपैकी नऊ त्या कॉन्टॅक्टमध्येच अडकत होते आणि पुढे पोचत होतं ते अपुरं.

स्विच उघडला तर आत तांब्यावर हिरवा थर. केबल वरून खाली सरळ ग्लँडमध्ये, म्हणजे केबल आत घ्यायच्या घट्ट तोंडात, उतरलेली, आणि पत्र्याच्या एका जोडातून ठिबकणारं पाणी केबलवरून ओघळत थेट आत जात होतं. रात्री सेल थंड, हवेत ओल. सकाळी कॉन्टॅक्टवर ओलसर थर. दार आपटलं की कॉन्टॅक्ट घासले जाऊन तेवढ्यापुरते साफ होत, आणि दहापर्यंत शेडमध्ये ऊब आली की वाळत. स्विच नवा बसवला, केबल खालून आत घेतली, ग्लँडच्या अलीकडे तिला खाली झोळ दिला, म्हणजे पाणी त्या झोळाच्या तळातून गळून जावं. पागोळीचं पाणी भिंतीवर येऊ नये म्हणून छपराचा पत्रा पुढे काढतो, तितकीच ही साधी गोष्ट. त्या पावसाळ्यात तो अलार्म परत आला नाही.

त्या तीन दिवसांत एकाने जवळ येऊन हळूच सुचवलं होतं, "जंपर टाकून देऊ या का, माल तरी जाईल." इथे मला स्पष्ट बोलायचं आहे. सुरक्षेच्या साखळीत जंपर, म्हणजे स्विचला वगळून थेट जोडणारी वायर, टाकायचा नाही. पाच मिनिटांसाठी नाही, शिफ्टपुरता नाही, मोठ्या साहेबांनी सांगितलं तरी नाही. तपासणीसाठी टाकलेला जंपर काढायचा राहून गेलेला मी पाहिला आहे. दार सताड उघडं आणि आत हात पूर्ण वेगात फिरत होता. शिकवण्याच्या मोडमध्ये रोबोटचा वेग सेकंदाला २५० मिलिमीटरवर बांधलेला असतो, त्यातून माणूस मागे सरकू शकतो. ऑटो मोडमध्ये तशी संधी मिळत नाही.

दुसरा प्रकार कोकणात गणपतीनंतर हमखास येतो. तो समजून घेतला तर दोन दिवसांचं नुकसान टळतं.

एन्कोडरला मोटरच्या एका फेरीत आपण नक्की कुठे आहोत ते कळतं. पण सांधा एकदा फिरायला मोटर शंभराच्या आगेमागे फेऱ्या मारते, त्यातल्या किती झाल्या ही मोजणी वेगळी ठेवावी लागते. नारळ मोजणारा शेकडा पुरा झाला की एक नारळ बाजूला ठेवतो, म्हणजे हातातली मोजणी आणि बाजूला ठेवलेले शेकडे मिळून हिशेब पुरा होतो. एन्कोडरचे 'शेकडे' कंट्रोलर बंद असताना एका बॅटरीवर जपले जातात. फॅनकच्या मोठ्या रोबोटांत ती बॅटरी म्हणजे पायथ्याच्या डब्यातले चार जाडे सेल, आपल्या जुन्या मोठ्या टॉर्चमध्ये घालायचो तसले. ते उतरायला लागले की ०६५ नंबरची सूचना येते. रोबोट चालू राहतो, त्यामुळे कुणी मनावर घेत नाही. पुरते उतरले की ०६२ येतो, आणि तेव्हा बाजूला ठेवलेले शेकडे कुणीतरी ढिगात मिसळून टाकलेले असतात. आपला हात कुठे आहे हे रोबोटला सांगता येत नाही.

आता गणपतीची सुट्टी बघा. कारखाना आठवडाभर बंद. विजांच्या भीतीने मेन स्विच खाली. एरवी कंट्रोलर चालू असल्यामुळे सेलवर फारसा भार नसतो, आता सगळा भार त्या चार सेलवर. महिनाभर आधी पिवळी सूचना येऊन गेलेली, कुणीतरी ओके करून घालवलेली. गौरी-गणपती पोचवून माणसं कामावर येतात, स्विच वर करतात आणि ०६२ लाल होऊन समोर.

त्यातून बाहेर यायचा मार्ग असा. आधी चारही सेल नवे, अल्कलाईन, एकाच वेळी घालायचे. मग मास्टरिंगच्या पानावरून पल्सकोडरचा (फॅनक एन्कोडरला पल्सकोडर म्हणतं) अलार्म रिसेट करायचा आणि कंट्रोलर बंद-चालू करायचा. आता बहुधा ०७५ येतो, म्हणजे एन्कोडरला फेरीतली आपली जागा अजून सापडलेली नाही. तो सांधा पेंडंटवरून थोडा हलवला की सापडते. यानंतर खरं काम, मास्टरिंग: प्रत्येक सांधा त्याच्या शून्य खुणेवर आणून कंट्रोलरला सांगायचं की हे शून्य. सांध्यांवर कोरलेल्या रेघा त्यासाठीच असतात.

या रेघा नुसत्या डोळ्याने जुळवणं कितपत चालतं? हिशेब करून बघा. पायथ्याच्या सांध्यात एक अंशाची चूक राहिली आणि हात दीड मीटर लांब असला, तर टोकाला २६ मिलिमीटरची चूक होते. वेल्डिंगची तार एक मिलिमीटर सरकली तरी टाका चुकतो. म्हणून डोळ्याने केलेलं शून्य पोती रचायला कसंबसं चालेल, वेल्डिंगला नाही. यावरचा उपाय आधीच करून ठेवायचा असतो. रोबोट धडधाकट असताना एक संदर्भ-जागा नोंदवून ठेवायची, म्हणजे पुढे क्विक मास्टरिंगने तंतोतंत जुनं शून्य परत मिळतं. अट एवढीच की प्रत्येक सांधा मोटरच्या अर्ध्या फेरीच्या आत त्या जागेजवळ आणता आला पाहिजे. ही नोंद केलेला कारखाना मला क्वचित भेटतो. आजच करून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे.

आणि सेल बदलायचे कधी? वर्षातून एकदा, कंट्रोलर चालू ठेवून. हे मी ठळक करतो कारण नेमकी उलटी चूक होते. चांगल्या शिस्तीचा माणूस बॅटरीला हात लावायच्या आधी मेन बंद करतो आणि जुने सेल काढताक्षणी शून्य हरवून बसतो. इमर्जन्सी दाबून ठेवा, रोबोटच्या कुंपणात कुणी जाणार नाही याची काळजी घ्या, पण कंट्रोलरची वीज चालू हवी. मी श्रावणातच बदलतो, गणपतीच्या आधी, आणि डब्यावर तारीख लिहितो. डब्यातल्या स्प्रिंगाही बघा. खाऱ्या वाऱ्याने त्या गंजतात, आणि मग सेल नवे असूनही ०६५ जात नाही.

एक गल्लत टाळा: मुख्य बोर्डावर लिथियमची एक छोटी बॅटरी वेगळी असते, ती प्रोग्रॅमची स्मृती जपते. सांध्यांच्या शून्याशी तिचा संबंध नाही. एबीबीत फेऱ्यांची मोजणी रोबोटच्याच अंगातल्या एका बोर्डावर असते आणि तिथली बॅटरी उतरली की ३८२१३ येतो. कुका कंपनीच्या पॅनलमधल्या बॅटऱ्या लाईट गेल्यावर कंट्रोलर नीट बंद व्हावा यासाठी असतात. ब्रँड बदलला की बॅटरीचं काम बदलतं, म्हणून मॅन्युअल उघडूनच हात घाला.

तिसरा प्रकार, सांगितलं तेवढं झालं नाही याचा. फॅनकवर ०२४ चालताना येतो, ०२३ उभा असताना. लोक लगेच मोटर बदलायची भाषा करतात. आधी साध्या गोष्टी बघा: टोक कुठे अडकलंय का, ब्रेक पुरता सुटतोय का, उचललेलं वजन ठरल्याहून जास्त आहे का, आणि सप्लायचं व्होल्टेज पडतंय का. धडक लागल्याचा ०५० काहीही न धडकता येत असेल तर ग्रिपर, म्हणजे टोकाचा वस्तू पकडणारा पंजा, अलीकडे बदलला का ते विचारा. नवा ग्रिपर जड असतो आणि कंट्रोलरमधला वजनाचा आकडा जुनाच राहिलेला असतो. मग त्याला वाटतं हाताला कुणीतरी अडवतंय.

करंटच्या अलार्मांत एक भेद लक्षात ठेवा. एक क्षणात येतो, तो शॉर्टचा असतो. दुसरा बराच वेळ चालल्यावर येतो, तो दमल्याचा असतो: भार जास्त, ब्रेक घासतोय किंवा गिअर जड झालाय. क्षणात येणाऱ्यासाठी चांगली परीक्षा आहे. सगळं बंद करून, ॲम्प्लिफायरवरून त्या मोटरीच्या पॉवर वायरी सोडवायच्या आणि परत चालू करायचं. तरीही अलार्म आला तर ॲम्प्लिफायर दोषी. नाही आला तर केबल किंवा मोटर, मग मेगर, म्हणजे इन्सुलेशन मोजायचा मीटर, लावून बघायचं. मेगर नेहमी ॲम्प्लिफायरपासून तोडलेल्या वायरींवर लावायचा आणि एन्कोडरच्या वायरींवर कधीच नाही. नाहीतर एका बिघाडाचे दोन होतात.

पॅनलमध्ये हात घालण्यापूर्वी दोन गोष्टी जिवाच्या आहेत. मेन बंद केल्यावरही ॲम्प्लिफायरच्या कपॅसिटरमध्ये जीवघेणं डीसी व्होल्टेज काही मिनिटं टिकून राहतं. चार्ज दाखवणारा दिवा विझेपर्यंत थांबायचं, मग मीटरने मोजायचं, मगच हात. आणि दुसऱ्या-तिसऱ्या सांध्याची मोटर काढायची किंवा ब्रेक सोडायचा तर हात आधी आधारावर टेकवायचा किंवा क्रेनला बांधायचा. ब्रेकशिवाय तो हात स्वतःच्या वजनाने खाली येतो.

कोकणाच्या हवेचं थोडं वेगळं सांगायला हवं, कारण परदेशात लिहिलेल्या मॅन्युअलांत ते सापडत नाही. पॅनलला एसी असेल तर जुलैत दार उघडताच बाहेरची दमट हवा थंड बोर्डांवर बसते, थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो तशी. एसी बंद करून थोडा वेळ जाऊ द्या, आतलं तापमान बाहेरच्याइतकं झालं की मग उघडा. केबलसाठी पाडलेली आणि तशीच सोडलेली भोकं बुजवा. तिथून पाली शिरतात आणि दोन टर्मिनलांच्या मध्ये मरतात. पंख्याची सूचना किरकोळ समजू नका, पंखा स्वस्त आहे आणि त्याच्यामागे बसलेला ॲम्प्लिफायर महाग. आणि अर्थिंग: आपला जांभा कातळ उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत होतो, अर्थचा रोध चढतो. फक्त एप्रिल-मेमध्ये येणारे एन्कोडरचे आणि कम्युनिकेशनचे भुताटकीसारखे अलार्म असतील तर अर्थपिट मोजून घ्या.

पुराचं पाणी पॅनलमध्ये शिरलं तर काय? २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात चढलं, तेव्हा घरोघरी आणि दुकानोदुकानी एकच घाई होती: चालू करून बघू. नका करू. भिजलेल्या पॅनलला वीज द्यायची नाही, तो वरून सुका दिसला तरी. गाळ बोर्डाच्या पायांखाली बसलेला असतो. बोर्ड काढून, स्वच्छ करून, पुरते वाळवून, इन्सुलेशन मोजूनच पुढचा विचार. यासाठी प्रोग्रॅमचा तयार बॅकअप हवा, आणि तो कारखान्यातच नाही, तर उंचावर दुसरीकडे कुठेतरी ठेवलेला.

आता ज्या वहीवर माझा फार जीव आहे तिच्याबद्दल. प्रत्येक रोबोटपाशी एक साधी शंभरपानी वही दोऱ्याने बांधून ठेवा. अलार्म आला की पाच गोष्टी लिहायच्या: तारीख-वेळ, हिस्ट्रीतला पहिला अलार्म, प्रोग्रॅमची कितवी ओळ चालू होती, हात कुठल्या स्थितीत होता आणि काय केल्यावर गेला. 'रिसेट केलं' एवढीच नोंद असली तरी चालेल, पण लिहायची.

एका सेलवर पाचव्या सांध्याच्या एन्कोडरचा अलार्म महिन्यातून एक-दोनदा येई. मोटर बदलायची ऑर्डर निघायच्या बेतात होती. मी वही मागितली. ऑपरेटर मुलगा नवा होता, पण त्याने नेमाने लिहिलं होतं. चार नोंदी: एक पहाटेची, दोन दुपारच्या, एक रात्रपाळीची. एक पावसातली, तीन कोरड्या दिवसांतल्या. म्हणजे ओल नाही, ऊन नाही. प्रोग्रॅमची ओळ मात्र चारही वेळा एकच होती, ६१. त्या ओळीवर मनगट उलटं वळून जिगच्या (जॉब धरून ठेवणाऱ्या साच्याच्या) मागच्या टाक्याकडे जातं. पेंडंट हातात घेऊन हात सावकाश त्या स्थितीत नेला आणि तिथेच थांबवला. कोपरापाशी क्लॅम्पमधून बाहेर पडणारी केबल त्या एकाच स्थितीत दुमडत होती. मेन बंद करून ती सोडवली, बोटांनी चाचपत गेलो तर वीतभर अंतरावर एक जागा मऊ लागली. वरचं आवरण चिरलं, तर आतली जाळी तुटून पिंजलेली, आणि एक पांढरी वायर जेमतेम दोन तारांवर टिकून होती.